दोन बोटं सैल

१

किट उतरवायची खोली ही मूळची चादरी वाळत घालायची खोली. साथ आली आणि वॉर्डातली एकेक जागा भलतंच काहीतरी होऊन बसली. जेवणाच्या हॉलमध्ये खाटा पडल्या. नातेवाइकांनी बसायच्या बाकांवर सॅनिटायझरचे कॅन चढले. आणि या खोलीत, तारा अजून तशाच टांगलेल्या, त्यांच्याखाली ड्यूटी संपलेल्या बायका अंगावरचं प्लास्टिक सोलून काढायला लागल्या. आधी वरचे हातमोजे, मग गाऊन, मग चेहऱ्यावरचं शिल्ड, मग आतले मोजे, आणि दर वेळी मध्ये हात धुणं. घाई केली की मरण, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

सिस्टरला मात्र दिवसातली हीच वेळ त्यातल्या त्यात बरी वाटायची. बाहीच्या टोकाला इलॅस्टिक, त्यावर मोजा, त्यावर चिकटपट्टी, असा सगळा बंदोबस्त असल्यामुळे किट काढलं की मनगटाभोवती लालभडक वळ राहायचा. त्याला इतकी खाज सुटायची की विचारू नका. ती नळाखाली मनगट धरून तो वळ हळूहळू चोळत बसायची. सकाळपासून आपल्या कातडीला लागलेला हा पहिला हात, आणि तोही आपलाच. घरी ढमी होती, पाच वर्षांची, आजीजवळ सोडलेली, आणि तिला हात लावून किती दिवस झाले ते सिस्टर मोजत नव्हती. मोजलं की रडू यायचं.

त्या दिवशी वळ नेहमीसारखा नव्हता. उजव्या मनगटावर पूर्ण गोल होता. डाव्यावर मात्र आतल्या बाजूला, जिथे नाडी बघतात तिथे, मध्येच तुटला होता. तेवढ्या जागेत कातडी कोरडी, गोरी, न काचलेली. जणू इलॅस्टिकच्या आत तिथे दिवसभर काहीतरी सरकवून ठेवलं होतं आणि त्याने काच झेलला होता.

तिने उजव्या हाताची दोन बोटं त्या जागेवर ठेवून पाहिली. बरोबर बसली.

शेजारी वॉर्डातल्या मावशी आपल्या गाऊनशी झटापट करत होत्या. सिस्टरने त्यांना मनगट दाखवलं. मावशींनी चष्म्याच्या वरून पाहिलं आणि म्हणाल्या, इलॅस्टिकसुद्धा ठेकेदाराने दिलेलं, कुठे घट्ट नि कुठे ढिलं, त्यात काय बघायचं! दोघी हसल्या. हसता हसता सिस्टरने मनगट पाठीमागे घेतलं, ती जागा दोन बोटांचीच का हे तिला चांगलं माहीत होतं.

२

आता यामागचं सांगायला हवं, म्हणजे टेलरबाईंचं.

वॉर्डात पट्टे होते. लपवून काय करायचं? मनोरुग्णांच्या वॉर्डात पट्टे असतात. पण साथीच्या आधी ते कपाटात असायचे. क्वचित कधी कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला उठलं तर निघायचे, आणि काम झालं की पुन्हा कपाटात. त्यातही रीत होती. मनगटाला पट्टा आवळला की त्याच्या आत आपली दोन बोटं घालून बघायची. सहज गेली तर ठीक, अडली तर सैल करायचा. ठरावीक वेळाने पुन्हा बघायचं. आणि बांधलेल्या माणसाजवळ कुणीतरी बसायचं, त्याला एकटं टाकायचं नाही. सिस्टरला हे शिकवणाऱ्या जुन्या सिस्टर म्हणायच्या, बांधायला कुणीही बांधेल, ती दोन बोटं विसरू नकोस.

टेलरबाई वर्षातून एकदा तरी वॉर्डात यायच्या. बाजारात त्यांचं शिवणाचं दुकान होतं. आजार उसळला की झोप उडायची, मग रात्रंदिवस त्या वॉर्डभर फिरत राहायच्या. उपद्रव म्हणाल तर एकच, हात लावायच्या. कुणाची कॉलर नीट करतील, कुणाचं पांघरूण खोचतील, कुणाच्या खांद्यावर वितीने माप घेतील. एकदा तर त्यांनी राउंडला आलेल्या डॉक्टरांच्या पाठीचं माप घेतलं आणि एक खांदा खाली आहे म्हणून जाहीर केलं. सगळा वॉर्ड खो खो हसला, डॉक्टरही हसले.

साथ आली आणि त्याच हातांचं भय झालं. अंतर ठेवा म्हणून सांगितलं तर त्या मान हलवायच्या, आणि दुसऱ्या मिनिटाला कुणाच्या तरी कपाळाला हात लावून ताप बघायच्या. पुन्हा सांगितलं, दटावलं, समजावलं. शेवटी त्यांना टोकाच्या खोलीत ठेवलं. त्या दार वाजवायला लागल्या. दार वाजवून वाजवून तळवे सुजले, तेव्हा पट्टे निघाले. आजारासाठी नाही हो, माणसाला हात लावला म्हणून बांधलं त्यांना. त्या दिवसांत हे कुणाला विचित्र वाटलं नाही. सगळ्यांच्याच जिवावर बेतलेलं होतं.

बांधणारी सिस्टरच होती. पट्टा लावून तिने मोजा घातलेली दोन बोटं आत सरकवली, तेव्हा टेलरबाई एकदम शांत झाल्या.

"अगं, आम्हीही असंच करतो," त्या म्हणाल्या. "टेपच्या आत दोन बोटं घालायची नि मगच माप धरायचं. दोन बोटं सैल. नाहीतर कपडा अंगावर बसतो, पण श्वास घेता येत नाही."

मग सिस्टर त्यांच्याजवळ जाऊन बसली की गप्पा व्हायच्या. टेलरबाईंची मुलगी लग्न होऊन गावातच होती, दर आठवड्याला भेटायला यायची, आता गेट बंद. त्या ढमीची चौकशी करायच्या. कुठवर येते तुझी ढमी? सिस्टर आपल्या कमरेजवळ हात धरून दाखवायची. तिला एकदा आण, मापं घेते, झगा शिवते, वाढत्या अंगाचा. सिस्टर म्हणायची, आणीन हं. त्यावर टेलरबाईंचा चेहरा असा काही फुलायचा की सिस्टरला तिथून उठवत नसे.

३

मग वॉर्डातले लोक एकेक करून आजारी पडू लागले. वॉर्डबॉयचं काम करणारा मामा गेला क्वारंटाइनमध्ये, दोन सिस्टर गेल्या. किट पुरेनात. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, टोकाच्या खोलीत गरजेशिवाय कुणी जायचं नाही, बसायचं तर नाहीच. दाराला काच आहे, काचेतून बघायचं. आतल्या माणसाला अंगठा दाखवायचा, ते ठीक दिसलं की पुढे जायचं. डॉक्टर काही दुष्ट नव्हते. ते तीन वॉर्ड एकटे सांभाळत होते आणि उभ्या उभ्या झोपत होते.

पहिल्या दिवशी सिस्टर काचेशी गेली. खोली कशी होती सांगतो. भिंती पोपटी, वर एक्झॉस्ट फॅन सतत घरघरणारा, दाराला चहूबाजूंनी रबर लावलेलं, त्यामुळे आतला आवाज बाहेर येत नसे. मधोमध पलंग. आत टेलरबाईंचे ओठ मास्कमागे हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हता. सिस्टरने अंगठा दाखवला.

टेलरबाईंनी बांधलेल्या हाताची दोन बोटं वर केली.

मागून मावशी म्हणाल्या, बघा, जिंकल्याची खूण करतायत. मावशींचं काय चुकलं? कुणालाही तसंच वाटलं असतं. सिस्टरला मात्र त्या दोन बोटांचा अर्थ सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ कळला. तिचा हात कडीवर गेलाही. पण आत जायचं म्हणजे नवं किट, आणि कपाटात किटं उरली होती ती संध्याकाळच्या पाळीची. ती तशीच उभी राहिली. बोटंही तशीच वर राहिली. मग तिने पुन्हा एकदा अंगठा दाखवला आणि निघून आली.

दुसऱ्या दिवशी टेलरबाईंना ताप चढला, त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथून त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या मुलीचा वॉर्डात फोन आला, तो नेमका सिस्टरनेच घेतला. मुलीने खूप काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, शेवटी शेवटी आईजवळ कुणी बसलं होतं का, तिचा हात कुणी धरला होता का?

"हो," सिस्टर म्हणाली.

त्यानंतर आठवडाभरात वळ तुटका दिसायला लागला.

४

ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. या वॉर्डात नोकरी करायची आणि वर भुतंही मानायची म्हणजे झालंच! इथे रोज कुणाला ना कुणाला काही ना काही दिसत, ऐकू येत असतं, आणि त्याला औषध असतं, हे ती स्वतः नातेवाइकांना समजावून सांगायची. म्हणून तिने रीतसर शोध घेतला. एका मापाचं किट बदलून दुसऱ्या मापाचं घातलं. चिकटपट्टी उलट्या बाजूने गुंडाळली. घड्याळ काढून ठेवलं. एक दिवस तर मोजा घालण्याआधी मनगटावर पेनाने गोल रेघ काढली, इलॅस्टिक त्या रेघेवरच बसवलं.

संध्याकाळी वळ रेघेवरच होता, आणि नेहमीच्या जागी तुटका. तेवढ्या जागेतली पेनाची रेघही पुसट झाली होती, बोट ओलं करून घासल्यासारखी.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली. टोकाच्या खोलीत गेलं त्याच दिवशी हे होतं. इतर दिवशी नाही. टेलरबाईंनंतर ती खोली धुऊन-पुसून पुन्हा चालू झाली होती, नवे रुग्ण येत-जात होते, सिस्टरला अधूनमधून जावं लागत होतं.

आणि मग ते तिला नुसतं दिसतच नव्हतं, जाणवायलाही लागलं. ती पलंगाची चादर बदलत होती. दोन्ही हात कामात. डाव्या बाहीच्या आत काहीतरी सरकलं, अगदी अलगद, आपण झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढतो तितक्या अलगद. दोन बोटं. मोजा नसलेली. एकाचं टोक खरखरीत, सुईने टोचून टोचून होतं तसं. ती इलॅस्टिकच्या आत टेकून राहिली आणि त्यांनी काच आपल्यावर घेतला.

सिस्टर दचकून मागे सरली. चादर अर्धी टाकून ती बाहेर आली, कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. मन म्हणत होतं, बाई गं, तू दमलीस, तुला झोप नाही, तूही आता गोळ्या सुरू कर. सगळं पटत होतं. पण खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटलं. बाहेर आल्याबरोबर बोटं निघून गेली होती, आणि त्या जागी आता गार लागत होतं. तिला परत आत जावंसं वाटलं.

५

ढमीचा फोन दुपारी यायचा. व्हिडिओ कॉल. आजीने लावून द्यायचा आणि ढमीने तो कधी छताला तर कधी नाकाला चिकटवून धरायचा. सिस्टरचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला, त्यामुळे ढमी कायम धुक्यात असल्यासारखी दिसायची. ती दात पडल्याचं सांगायची, आजी केस ओढून विंचरते म्हणून तक्रार करायची, आणि शेवटी दर वेळी तेच, कधी येणार? येणार हं, लवकर येणार. मग ढमी आपला पंजा पडद्यावर दाबायची आणि सिस्टरही पिशवीवरून आपला पंजा दाबायची. गार प्लास्टिक. रात्री सिस्टर मुक्कामाच्या हॉस्टेलच्या खोलीत उशी छातीशी धरून पडायची आणि स्वतःलाच म्हणायची, काय हे, उशी काय धरतेस लहान मुलीसारखी.

एकदा असाच फोन चालू असताना वॉर्डात कुणीतरी ओरडत होतं. ढमीचे डोळे मोठे झाले.

"आई, मागे कोण ओरडतंय गं?"

"एक बाई आहे, राजा. तिला घरी जायचंय."

"मग सोडा ना तिला," ढमी म्हणाली.

सिस्टरने विषय दातांवर नेला.

तर असे ते दिवस. आणि अशा दिवसांत ती टोकाच्या खोलीचं काम मागून घ्यायला लागली, यात नवल ते काय? चादरी बदलायच्या, मी बदलते. फरशी पुसायला माणूस नाही, मी पुसते. ती आत जायची, काम लांबवायची, आणि वाट बघायची. कधी बोटं यायची, कधी नाही यायची. आली की ती हालचाल न करता उभी राहायची आणि तिच्या छातीतला गच्च झालेला गोळा सुटत जायचा. मावशींनी एकदा विचारलंच, त्या खोलीत सोनं पुरलंय की काय, एवढ्या तिथेच घुटमळता? सिस्टर म्हणाली, तिथे जरा शांत वाटतं. मावशींनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या की आता तुम्ही रजा घ्याच.

मग एक कॉलेजातली मुलगी आली. पहिल्या दिवशी तिने डोकं भिंतीवर आपटलं म्हणून तिला पट्टे लावावे लागले. दुसऱ्या दिवशी सिस्टर गाऊन घालून औषध द्यायला गेली तर मुलगी शांत, चक्क हसली.

"काल तुम्ही बसलात ते बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, कुणीच येणार नाही."

सिस्टर काल दुपारपासून दुसऱ्या वॉर्डात होती. तिने विचारलं, किती वेळ बसले होते गं मी? मुलगी म्हणाली, बराच वेळ, काही बोलला नाहीत, नुसती इथे बोटं ठेवून होतात. तोंड दिसलं का माझं? त्यावर मुलीला हसू आलं. तुमचं कुणाचं तोंड दिसतं का इथे?

इथे तरी सिस्टरने घाबरायला हवं होतं. शहाण्या माणसाने तिथल्या तिथे डॉक्टर गाठले असते. पण माणसाचं मन म्हणजे काय वेडं असतं बघा, तिला मत्सर वाटला. बोटं तिच्या एकटीची नव्हती म्हणून. ती त्या मुलीच्या मनगटाकडे अशी बघत राहिली जणू तिचं काही कुणी उचलून नेलं होतं. पुढे मुलगी बरी होऊन मोकळ्या वॉर्डात गेली, तेव्हा सिस्टरला बरं वाटलं, आणि ते मुलगी बरी झाली म्हणूनच वाटलं असं काही मी म्हणणार नाही.

६

साथ ओसरायला लागली. सिस्टरची तपासणी झाली, निकाल चांगला आला, डॉक्टरांनी रजा दिली. उद्यापासून घरी! तिने सकाळीच घरी फोन करून सांगितलं तर आजी रडायलाच लागली आणि ढमीने पलंगावर उड्या मारून खालच्या शेजारणीला वर यायला लावलं. सिस्टरने बॅग भरली. ढमीसाठी घेऊन ठेवलेल्या रिबिनी वरच्या कप्प्यात ठेवल्या. तिच्या अंगात अशी काही वीज संचारली होती की मावशी म्हणाल्या, बघा, आज आमच्या सिस्टर जमिनीवर नाहीत.

दुपारी टोकाच्या खोलीत नवी बाई येणार होती. खोली धुऊन, औषध फवारून तयार होती, त्यामुळे किट घालायची गरज नव्हती. सिस्टर नुसता गाऊन, टोपी आणि मास्क लावून पलंग बघायला गेली. हात उघडे. फोन तिने आतच, दाराजवळच्या कट्ट्यावर ठेवला, ढमीचा फोन यायची वेळ होत आली होती. दार मागे आपोआप बंद झालं आणि रबराने आवाज गिळला. राहिली ती फॅनची घरघर.

पलंगावर धुतलेले पट्टे दोन्हीकडे लोंबत होते. ती उभी राहिली. थांबली. काही नाही. तिने मनगट पुढे धरलं, स्वतःलाच हसू आलं, आणि तरी काही नाही. बरोबरच होतं. बोटं येत ती काहीतरी काचत असेल तेव्हा. उघड्या मनगटाला त्यांचं काय काम?

उद्यापासून ती घरी जाणार होती. ढमी गळ्यात पडणार होती, मग कशाची कमी राहणार होती? तरीही तिला वाटलं, एकदाच. प्लास्टिकशिवाय, मोज्याशिवाय, एकदाच. आणि त्याच्या तळाशी दुसरं एक होतं, ते तिने आजवर मनातल्या मनातही उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी काचेपलीकडे उभी असलेली मी टेलरबाईंना कशी दिसले असेन, ते इथे पडून बघावं.

ती आडवी झाली. उजव्या हाताने डाव्या मनगटाचा पट्टा लावला. उजवा हात मोकळाच होता, केव्हाही बकल काढता आलं असतं, तेव्हा काळजीचं काही कारण नव्हतं. तिने डोळे मिटले.

बोटं लगेच आली. वाटच बघत असल्यासारखी. पट्ट्याच्या आत सरकली आणि नाडीवर टेकली, उबदार, खरखरीत टोकाची, आणि सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते कानात गेलं. ती म्हणाली, मी त्या दिवशी आत यायला हवं होतं. बोटं जागची हलली नाहीत. रागावलेली नव्हती ती. तिला इतकं बरं वाटत होतं की उजव्या बाजूला बकल खट् करून लागलं, ते तिला आधी कळलंच नाही.

कळलं तेव्हा तिने हात ओढून पाहिला. नीट लागलं होतं. रीतसर. आत दोन बोटांची जागा सोडून.

काचेवर टकटक झाली. मावशी. सिस्टरने मान वळवली. मावशी बघत होत्या, पण तिच्याकडे नाही, तिच्या उशाशी, थोडं वर, बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तिथे. त्यांनी अंगठा दाखवला. दाखवून थांबल्या, समोरून उत्तर यायची वाट बघतात तशा. उत्तर आलं असावं, कारण त्यांनी हसून मान हलवली. मग सहज एक नजर पलंगावरच्या बाईवर टाकली, टोपी आणि मास्क लावलेल्या. सिस्टर ओरडली. तिला स्वतःचा आवाज फॅनच्या घरघरीत जेमतेम ऐकू आला. तिने हाताची दोन बोटं वर केली, जितकी जातील तितकी वर.

मावशींनीही काचेपलीकडून कौतुकाने दोन बोटं वर केली, आणि त्या गेल्या.

कट्ट्यावरचा फोन वाजायला लागला.

मनगटाखालची बोटं निघाली. हळूच, काही तुटू नये अशा बेताने. उशाशी कपड्याची सळसळ झाली. दाराच्या दिशेने पावलं वाजली नाहीत, पण फोन वाजता वाजता मध्येच बंद झाला, कुणी उचलल्यावर होतो तसा. पिशवीचं प्लास्टिक चुरचुरलं.

"आई!" ढमीचा आवाज आला. "अगं, तोंड दाखव ना. नुसती बोटं काय दाखवतेस?"

सिस्टरने मान उचलली. पलंगावरून कट्टा दिसत नव्हता, दाराचा कोपरा तेवढा दिसत होता, आणि तिथे भिंतीवर एक सावली होती, हात कमरेजवळ आडवा धरलेली. एवढी आहे का, असं विचारतात तशी.

"नाही काही! आता इथपर्यंत येते मी. आजीला विचार. तू उद्या ये आणि मोज."

"ढमे!" सिस्टर जिवाच्या आकांताने ओरडली. "ढमे, फोन ठेव! आजीला दे! मी इथे आहे, ढमे!"

फोनमधून पुन्हा ढमीचा आवाज आला.

"आई, मागे कोण ओरडतंय गं?"

कुणी काही बोललेलं सिस्टरला ऐकू आलं नाही. पण ढमीला ऐकू आलं असावं. कारण ती समजुतीने "हं" म्हणाली, आजी सांगते ते ऐकताना म्हणायची तसं. सिस्टरने दोन्ही हात ओढले, पट्ट्यांमधली जागा मनगटांभोवती पुढेमागे सरकली. ती आता रिकामी होती.

"तिलापण घरी जायचंय?" ढमी म्हणाली. "मग सोडा ना तिला."